दोन परकायाप्रवेश

पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, वेब सिरीजची तर पहिला भाग संपायच्या आत होते. सॉफ्टवेअरला मात्र आपण फक्त तारे देतो. पाचपैकी साडेतीन, 'अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरते', विषय संपला. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि मला हे नेहमी खटकतं. कारण सॉफ्टवेअरमध्येही चांगलं-वाईट, खरं-खोटं, कष्टाचं आणि उसनं असं काही असतं. ते ताऱ्यांत मावत नाही.

या लेखात मला दोन कृतींची समीक्षा करायची आहे. दोन्ही कुठल्याही एका लेखकाच्या नाहीत. दोन्हींमध्ये एक ऑपरेटिंग सिस्टीम अशा यंत्रावर चालवली जाते, जे तिच्यासाठी बनलेलंच नव्हतं. पहिली म्हणजे हॅकिंटॉश: ॲपलची मॅक ओएस साध्या, जोडून घेतलेल्या पीसीवर चालवणं. दुसरी म्हणजे असाही लिनक्स: ॲपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकवर लिनक्स चालवणं. एकीत आत्मा ॲपलचा आणि देह परका, दुसरीत देह ॲपलचा आणि आत्मा परका. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, परकायाप्रवेश. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले ही कथा लहानपणी ऐकलेली असते. पण दुसऱ्याच्या देहात शिरल्यावर तिथे सोंग घेऊन राहायचं की त्या देहाची भाषा शिकायची, यात मोठा फरक आहे. माझी समीक्षा त्या फरकाबद्दल आहे.

'बनलेलं नाही' म्हणजे काय?

आधी थोडं यंत्राबद्दल. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि ॲप यांच्या मधला माणूस. ॲप म्हणतं 'आवाज वाढव', तेव्हा नेमक्या कुठल्या चिपच्या कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहायचा हे तिला ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असलेल्या तुकड्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नसेल तर स्पीकर समोर असूनही यंत्र मुकं.

मग कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर विंडोज कशी चालते? कारण पीसीच्या जगात एक जुना समझोता आहे. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला. त्यातले बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, फक्त बायोस हा छोटा प्रोग्रॅम आयबीएमच्या मालकीचा होता. कॉम्पॅक कंपनीने तो नव्याने लिहिला. एका गटाने आयबीएमचा बायोस वाचून तो काय काय करतो याचं वर्णन तयार केलं. दुसऱ्या गटाने मूळ कोडकडे ढुंकूनही न पाहता फक्त त्या वर्णनावरून स्वतःचा कोड लिहिला. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये कॉम्पॅकने आपला पोर्टेबल जाहीर केला आणि पीसी हा एका कंपनीचा राहिला नाही. आज गल्लीतल्या दुकानात जोडलेला कॉम्प्युटरही चालू होताच आपली ओळख ठरलेल्या पद्धतीने सांगतो: माझ्यात ही चिप आहे, हा पंखा आहे, ही बॅटरी आहे. परक्या यंत्रावर सिस्टीम चालवण्याच्या खटाटोपातूनच आपलं आजचं कॉम्प्युटरचं जग जन्माला आलं आहे, हे विसरायला नको.

ॲपल या समझोत्यात कधीच पूर्ण सामील झाली नाही. यंत्र आमचं, सिस्टीम आमची, दोन्ही एकत्रच घ्या, हा तिचा बाणा. फक्त मध्ये काही वर्षं एक फट पडली.

पहिली कृती: सोंग

जून २००५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर चालणार. जानेवारी २००६ मध्ये असे पहिले मॅक आले. म्हणजे मॅकच्या आत आणि आपल्या घरच्या पीसीच्या आत एकाच घराण्याचा प्रोसेसर. मग मॅक ओएस आपल्या पीसीवर का नाही?

ॲपलला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तिने केलेला बंदोबस्त साहित्याच्या वाचकांना आवडेल असा होता. मॅक ओएसमध्ये, मॅक ओएस चोरू नका अशा अर्थाचंच नाव असलेली एक फाइल होती. फाइंडर, डॉक असे काही महत्त्वाचे प्रोग्रॅम कुलूपबंद असत आणि त्यांची किल्ली मॅकमधल्या एका छोट्या चिपमध्ये असे. ही किल्ली म्हणजे एक छापील विनवणी होती: आमच्या मेहनतीची राखण हे शब्द करताहेत, कृपया चोरी करू नका, अशा अर्थाची. शिवाय आत खोलवर खोदणाऱ्यांसाठी एक छोटी विनोदी कविताही लपवलेली होती, जिच्यात आपल्या सिस्टीमला वैतागलेला माणूस दुसरी पळवू पाहतो आणि त्याचं यंत्रच त्याला नकार देतं. ज्या प्रोग्रॅमरने हे केलं त्याला कुलूप तुटणार हे ठाऊक असावं. कुलूप तोडणाऱ्याशी दोन शब्द बोलायची ती सोय होती.

कुलूप अर्थातच तुटलं. किल्ली चिपमध्ये असेल तर चिपचं सोंग घेणारा प्रोग्रॅम लिहायचा. मॅक ओएस विचारते, 'तू मॅक आहेस ना?' खोटी चिप उत्तर देते, 'हो, आणि ही घे किल्ली.' मग पुढची सोंगं. यंत्राचा मॉडेल नंबर खोटा, सीरियल नंबर खोटा, बॅटरी आणि पंख्यांची माहिती देणारे तक्ते चालू होतानाच बदललेले. आधी क्लोव्हर आणि नंतर ओपनकोअर नावाचे बूटलोडर हे सगळं इतक्या सफाईने करू लागले की मॅक ओएसच्या एकाही फाइलला हात लावावा लागत नसे. सिस्टीम अस्सल, तिच्या भोवतीचं जग बनावट.

हॉस्टेलमध्ये माझ्या समोरच्या खोलीतल्या मित्राने थर्ड इयरला हे केलं होतं. कारण साधं होतं. आयफोनचं ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतं, एक्सकोड फक्त मॅक ओएसवर चालतं, आणि मॅकच्या किमतीत त्याच्या घरच्यांनी दोन वर्षांची मेस भरली असती. तीन रात्री तो एका कॉन्फिग फाइलसमोर बसला होता. यूएसबीचे पोर्ट एकेक करून मोजायचे, ऑडिओचा लेआउट आयडी एकामागून एक बदलून बघायचा. चौथ्या दिवशी स्क्रीनवर सफरचंद दिसलं, तेव्हा मजल्यावरची निम्मी पोरं त्याच्या खोलीत जमली होती. वायफाय चालत नव्हतं, पण ते कोणाला विचारायचं नव्हतं.

तो आनंद खरा होता. हॅकिंटॉशवाल्यांना 'चोर' म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. लायसन्समध्ये ॲपलच्याच यंत्रावर वापरा असं लिहिलेलं आहे आणि त्याचं उल्लंघन होतं, हे खरंच. सायस्टार नावाच्या अमेरिकन कंपनीने २००८ साली मॅक ओएस घातलेले पीसी विकायला काढले, ॲपल कोर्टात गेली, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो टिकला. पण खोलीत बसून स्वतःचं यंत्र उलगडणारा विद्यार्थी आणि विक्रीचं दुकान मांडणारी कंपनी यांना एका मापाने मोजता येत नाही. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी बूट म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय हे अभ्यासक्रमातून कमी आणि अशा फाइलींतून जास्त शिकलं.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कलाकृतीबद्दलची आहे. सोंग कितीही उत्तम वठवलं तरी ते समोरच्याच्या विश्वासावर उभं असतं. बहुरूपी दारात पोलीस बनून येतो, आपण क्षणभर दचकतो, हसतो, पैसे देतो. त्याचा खेळ आपण दचकतो तोवरच चालतो. हॅकिंटॉशचं तसंच होतं. २०१८ साली मॅक ओएस मोहावे आली, तिच्यासाठी एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर आलेच नाहीत आणि ज्यांनी त्या कार्डांवर हॅकिंटॉश उभे केले होते ते सगळे आदल्या आवृत्तीवर अडकले. त्यांच्या कौशल्यात काहीच कमी नव्हतं. पण सगळं कौशल्य 'मॅक ओएसला काय हवंय' हे ओळखण्यात खर्च झालेलं होतं आणि तिला काय हवंय हे दुसरंच कोणीतरी ठरवत होतं.

आता तर पडदाच पडला आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. पुढची मॅक ओएस फक्त ॲपलच्या चिपवर चालणार. त्या चिपचं सोंग घेणं हे मॉडेल नंबर बदलण्याइतकं सोपं नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मेहनतीची पुंजी एका घोषणेने इतिहासजमा झाली.

एक पोटकथा: आपल्याच देहात परका

पण याच सोंगाचा एक उपयोग असा झाला की माझं मत थोडं मऊ होतं. ओपनकोअर लेगसी पॅचर हा त्याच परंपरेतला प्रोग्रॅम. तो जुन्या, पण अस्सल मॅकवर नवी मॅक ओएस चालवतो. २०२२ साली आलेल्या व्हेंचुराने २०१७ पूर्वीचे मॅक यादीतून काढून टाकले. पॅचर वापरून त्यांतल्या कित्येक मॅकवर ती चालली.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. ॲपलच्या यंत्राला ॲपलच्याच सिस्टीमसमोर सोंग घ्यावं लागतं. विंडोज ११च्या वेळीही हेच झालं. टीपीएम २.० नाही, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, म्हणून चांगले चालणारे लॅपटॉप अपात्र ठरले आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेची कारणं दिली गेली, त्यांतली काही खरीही आहेत. पण 'हे यंत्र या सिस्टीमसाठी बनलेलं नाही' हे वाक्य आपण भौतिकशास्त्राच्या नियमासारखं ऐकतो. पुष्कळदा तो निर्णय असतो. कुठल्यातरी बैठकीत घेतलेला, एका यादीत लिहिलेला.

दुसरी कृती: भाषा शिकणं

नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले. पीसीचा जुना समझोता इथे लागू नव्हता. आत काय आहे हे ॲपलशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि ॲपलने ते सांगितलं नव्हतं. हेक्टर मार्टिन या प्रोग्रॅमरने लोकवर्गणीतून या मॅकवर लिनक्स आणायचा प्रकल्प सुरू केला. नाव ठेवलं असाही. जपानीत असाही म्हणजे उगवता सूर्य आणि सफरचंदाच्या एका जातीचं नावही तेच. ती जात म्हणजे मॅकिंटॉश, जिच्यावरून ॲपलने आपल्या कॉम्प्युटरचं नाव घेतलं. नावातच प्रकल्पाचा स्वभाव आहे: वस्तू तीच, पण तिला आपल्या भाषेत हाक मारायची.

इथे कुलूप तोडायची गरज नव्हती. आयफोनवर नाही असा एक दरवाजा ॲपलने मॅकवर मुद्दाम ठेवला आहे. मालकाने पॉवरचं बटण दाबून धरून रिकव्हरीत जायचं, आपला पासवर्ड द्यायचा आणि या एका कप्प्यात माझी स्वतःची सिस्टीम चालू दे असं सांगायचं. शेजारच्या कप्प्यातल्या मॅक ओएसची सुरक्षा त्याने कमी होत नाही. पण दरवाजा उघडा असला तरी आत अंधार होता. नकाशा नाही, पाट्या नाहीत.

मग त्यांनी काय केलं? एम१एन१ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो यंत्र आणि मॅक ओएस यांच्या मध्ये बसतो. मॅक ओएसला वाटतं आपण नेहमीसारखे थेट यंत्रावर आहोत. ती चिपच्या कुठल्या पत्त्यावर काय लिहिते आणि उत्तर काय येतं याची नोंद हा मधला प्रोग्रॅम करतो आणि यूएसबीच्या तारेने शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवतो. थोडक्यात, दोन माणसं अनोळखी भाषेत बोलताहेत आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसला आहात. हा शब्द उच्चारला की दिवा लागतो, तो उच्चारला की पंखा फिरतो. शेकडो पानं भरल्यावर हळूहळू व्याकरण दिसायला लागतं. मॅक ओएसचा कोड उचलायचा नाही, फुटलेले कागद वापरायचे नाहीत, हा नियम प्रकल्पाने स्वतःवर घालून घेतला. कॉम्पॅकच्या दोन गटांमधली भिंत आठवा. आपल्याकडेही १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती मिळवण्याला मुभा आहे. शिकणं आणि चोरणं यांतला फरक कायद्यालाही कळतो.

सगळ्यात अवघड होता ग्राफिक्सचा भाग. ॲलिसा रोझेनझ्वाइग तेव्हा विद्यार्थिनी होती. तिची पद्धत मला फार आवडते. मॅकवर अगदी छोटा प्रोग्रॅम लिहायचा, एक त्रिकोण काढणारा. चिपला गेलेले आकडे टिपायचे. मग प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट बदलायची, रंग किंवा एखादी बेरीज, आणि आकड्यांत काय बदललं ते बघायचं. पाणिनीचं नाव घेण्याचा मोह आवरतो, पण बोलीभाषांचा अभ्यास करणारे याच पद्धतीने काम करतात. कर्नलमधला भाग असाही लिना या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने रस्ट भाषेत लिहिला, तोही लाइव्ह स्ट्रीमवर, लोकांसमोर, अडखळत, दुरुस्त करत.

फळ काय मिळालं? मॅक ओएसमधलं ओपनजीएल ४.१ या आवृत्तीवर थांबलेलं आहे आणि ॲपलने २०१८ सालीच ते मोडीत काढायच्या यादीत टाकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये असाहीच्या ड्रायव्हरला त्याच चिपवर ओपनजीएल ४.६चं अधिकृत प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे या एका बाबतीत परक्याने ती भाषा घरच्यांपेक्षा जास्त पूर्ण बोलून दाखवली. जून २०२४ मध्ये व्हल्कन १.३चीही त्यात भर पडली.

पण या कृतीतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण ग्राफिक्सचं नाही, स्पीकरचं आहे. मॅकबुकचे स्पीकर छोटे असून दणदणीत वाजतात, कारण त्यांना त्यांच्या कायमच्या कुवतीपेक्षा जास्त जोर थोड्या थोड्या वेळासाठी दिला जातो. आतली तारेची गुंडाळी किती तापली याचा हिशोब सॉफ्टवेअर ठेवतं आणि वेळीच आवाज उतरवतं. हा हिशोब नसेल तर स्पीकर जळू शकतो. असाहीच्या लोकांना आवाज काढणं जमलं होतं, तरी त्यांनी स्पीकर लगेच चालू केले नाहीत. आधी गुंडाळीच्या तापमानाचं गणित करणारा, सतत लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. मग प्रत्येक मॉडेलच्या आवाजाची मोजमापं घेऊन त्याला वेगळं वळण दिलं. तोवर वापरणाऱ्यांनी हेडफोन लावले, काहींनी कुरकुरही केली. 'चालतंय' आणि 'नीट चालतंय' यांच्या मध्ये जी जागा असते, तिथे थांबण्याचा संयम या प्रकल्पाने दाखवला. मला विचाराल तर सोंग आणि भाषा यांतला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. सोंगाला चेहरा जुळला की पुरतं. भाषा शिकणाऱ्याला समोरच्याच्या देहाची काळजीही घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. या चिपवर मेमरीची 'पानं' १६ किलोबाइटची होती आणि पीसीच्या जगात ती ४ किलोबाइटची. कित्येक प्रोग्रॅमांनी ४ हा आकडा गृहीत धरला होता. ते असाहीवर कोसळले. ज्यांनी लिहिले होते त्यांनाही ठाऊक नव्हतं की आपण काही गृहीत धरलंय. मग ते दुरुस्त झाले आणि त्या दुरुस्त्या सगळ्यांच्या उपयोगी पडल्या. चांगलं भाषांतर मूळ मजकुरातल्या संदिग्ध जागा उघड करतं, तसंच हे.

आपली ओळखीची गोष्ट

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक जवळचं उदाहरण देतो. देवनागरी. कॉम्प्युटर काही आपल्या लिपीसाठी बनलेला नव्हता. मग सुरुवातीला आपणही सोंग घेतलं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं ठेवलेले फॉन्ट आले. यंत्राला वाटायचं इंग्रजीच लिहिलंय, कागदावर मात्र मराठी उमटायची. त्या काळात त्या फॉन्टनी मराठी छपाई तारली, आणि अजूनही अनेक छापखान्यांत ते चालतात. पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठी गायब आणि निरर्थक इंग्रजी चिन्हांचा पाऊस. त्यात काही शोधता येत नाही, शब्द तपासता येत नाहीत. लेख तिथे असतो आणि नसतोही.

युनिकोडने दुसरी वाट धरली. 'क'ला स्वतःचा आकडा दिला, जोडाक्षर कसं घडतं याचे नियम यंत्राला शिकवले. वेळ लागला, बरीच वर्षं मराठी मोडकी दिसायची. पण आज तुम्ही हे फोनवर वाचताय, शोधताय, कॉपी करून कोणाला पाठवताय, ते त्या शिकवण्यामुळे. हॅकिंटॉश हा त्या जुन्या फॉन्टसारखा आणि असाही युनिकोडसारखा. दोघांनीही आपापलं काम केलं. फरक नंतर काय उरलं यात आहे.

दुसऱ्या कृतीचे दोष

समीक्षा म्हणजे आरती नव्हे, म्हणून आता उलट बाजू.

मी काही महिने असाही रोज वापरली. टर्मिनल, एडिटर, ब्राउझर यांत काही कमी वाटलं नाही. पण पहिली काही वर्षं टाइप सी पोर्टमधून बाहेरचा मॉनिटर जोडता येत नव्हता, थंडरबोल्ट नव्हतं, बोटाचा ठसा ओळखला जात नव्हता. ऑफिसच्या टेबलावर दोन मॉनिटर घेऊन बसणाऱ्याला ही छोटी गोष्ट नाही. आणि ॲपल दर वर्षा-दीड वर्षाने नवी चिप काढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये एम३ आली, ग्राफिक्सची रचना बदलली, पुन्हा वही उघडा.

त्याहून गंभीर दोष माणसांच्या बाजूचा आहे. एवढं मोठं काम मोजक्या माणसांच्या खांद्यावर होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेक्टर मार्टिनने प्रकल्प सोडला. वापरणाऱ्यांच्या न संपणाऱ्या मागण्या, लिनक्स कर्नलमध्ये रस्टवरून झालेली भांडणं आणि त्यातून आलेला थकवा, हे त्याने लिहून सांगितलं. त्यानंतर काही जणांनी मिळून कारभार हातात घेतला. त्याच वर्षी लिना आणि ॲलिसाही आपापल्या वाटेने बाजूला झाल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आपण तारे देतो आणि 'माझा मॉनिटर कधी?' असं विचारत राहतो. ज्यांनी विचारलं त्यांना आपण एक माणूस संपवतोय याची कल्पनाही नसणार.

आणि एक मूलभूत आक्षेप मला मित्र नेहमी ऐकवतात. जी कंपनी कागदाचा एक कपटा देत नाही, तिचं यंत्र आणखी चांगलं करण्यात इतकी बुद्धिमान माणसं आपली वर्षं का घालवतात? तीच मेहनत उघड्या हार्डवेअरवर का नाही?

आक्षेपात दम आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे असं मी म्हणणार नाही. पण एक उत्तर आहे. लोक यंत्र घेताना त्याचा खुलेपणा बघून घेत नाहीत. ते बॅटरी, वजन, किंमत बघतात. जुलै २०२२ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सने लिनक्स ५.१९ प्रसिद्ध केलं ते ॲपलच्या लॅपटॉपवरून, असाहीच्या मदतीने. लिनक्सच्या जनकालाही हलका आणि शांत लॅपटॉप हवा होता. यंत्रं तर विकली गेलीच आहेत. कधीतरी ॲपल एम१ला यादीतून काढणार, तेव्हा त्या यंत्रांचं काय होईल हा प्रश्न आहे. हॅकिंटॉशची पुंजी ॲपलच्या घोषणेने संपते. असाहीने वहीत उतरवलेलं व्याकरण लिनक्सच्या कर्नलमध्ये जमा होतं, आणि लिहिणारे थकले, निघून गेले तरी तिथे राहतं. माणसांची झीज मात्र त्याने भरून येत नाही.

तुमच्या हातातला फोन

आता ज्यावर हे वाचताय त्या यंत्राकडे या. एम१ चिप फक्त मॅकमध्ये नव्हती. २०२१च्या आयपॅड प्रोमध्ये आणि २०२२च्या आयपॅड एअरमध्येही तीच होती. मॅकबुकवर असाही चालते. आयपॅडवर नाही, कारण तिथे ॲपलने तो दरवाजाच ठेवलेला नाही. चिप तीच, विकत घेणारा माणूस तोच. 'बनलेलं नाही' या वाक्याचा खरा अर्थ इथे उघडा पडतो.

अँड्रॉइडवर परिस्थिती फोनागणिक वेगळी आहे. काही कंपन्या बूटलोडर उघडू देतात, काही अटी घालतात, काही नाहीच. उघडला तरी ड्रायव्हर कंपनीच्या जुन्या कर्नलला चिकटलेले असतात, म्हणून काही वर्षांत अपडेट थांबतात आणि बँकेचं ॲप 'तुमचं डिव्हाइस सपोर्टेड नाही' असं सांगायला लागतं. लिनिएजओएस अशा फोनना नवी अँड्रॉइड देते. २०१७ साली सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसने तर फोन दहा वर्षं वापरता यावा हेच ध्येय ठेवलंय. तिथेही हीच दोन घराणी दिसतात. कंपनीचा जुना कर्नल तसाच ठेवून वरून नवं रूप देणं, आणि चिपची भाषा शिकून ती मुख्य लिनक्समध्ये नेणं. पहिलं काम आठवड्यात होतं, दुसऱ्याला वर्षं लागतात.

प्रत्येकाने घरी बसून फोनवर लिनक्स घालावी असं माझं म्हणणं अजिबात नाही. बहुतेकांनी घालू नये, कॉल लागणं महत्त्वाचं असतं. पण फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो तसे आणखी दोन प्रश्न विचारता येतील. बूटलोडर उघडता येतो का? आणि अपडेट किती वर्षं मिळणार? दुकानदाराला पहिल्याचं उत्तर बहुधा माहीत नसेल. पुष्कळ जणांनी विचारलं तर माहीत करून घेईल.

आणि कुठलाही प्रकल्प 'अमुक गोष्ट तमुक यंत्रावर चालवली' म्हणून तुमच्यासमोर आला, तर सफरचंद दिसलं की टाळ्या वाजवा, त्या मुलाने रात्री जागून ते मिळवलंय. फक्त नंतर एक गोष्ट जरूर बघा. यातून जे कळलं ते कुठे लिहून ठेवलंय, आणि उद्या दुसऱ्या कोणाला ते वाचता येईल का?